मायाप्पा वस्तादांचं खळं

"आभाळात खरं बोलणारा एकच हाय, चंद्र. आन् त्याचं बोलणं समजणारा सोलापुरात एकच हाय," असं तालमीच्या कट्ट्यावर बाज टाकून बसलेल्या मायाप्पा वस्तादांनी जाहीर केलं, आणि तो एकटा कोण याबद्दल कुणाच्या मनात शंका राहू नये म्हणून स्वतःच्या छातीवर दाणकन हात आपटला. छाती मजबूत होती. बाज नव्हती. सुंभ तुटला आणि वस्ताद चौकटीतून असे खाली गेले की दोन्ही गुडघे कानांना जाऊन भेटले.

कट्ट्याभोवती जमलेल्यांपैकी कुणी हसलं नाही. मागच्या पुनवेला एक जण हसला होता, तो अजून भात पातळ करून खात होता. दोघांनी पुढे होऊन वस्तादांना बाहेर ओढलं. त्यातल्या ज्यानं जरा जास्त जोर लावला त्याच्या कानाखाली वस्तादांनी एक ठेवून दिली, धोतर झटकलं आणि विषय पुढे चालू केला.

ही गोष्ट सोलापुरात मार्शल लॉ आला त्याच्या दोन-तीन वर्षं आधीची. तेव्हा गोरा सोल्जर यायचा होता, पण मार खायची सवय पेठेनं आधीच करून ठेवली होती.

पेठ विणकरांची. घरोघर हातमाग, घरात तेलुगू, दारात मराठी. पेठेतून एक लांबलचक बोळ जायचा आणि त्या बोळाच्या तोंडाशी मायाप्पा वस्तादांची तालीम होती. मागवाल्यांचं आणि तालीमवाल्यांचं भांडण व्हावं असं काही कारण नव्हतं. ते कारण चंद्रानं पुरवलं.

झालं असं होतं की मागावर चढवायच्या आधी सुताचा ताणा बोळात या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबूच्या कैच्यांवर अंथरावा लागतो. मग त्याला कुंच्यानं ज्वारीच्या पिठाची कांजी पाजायची आणि उन्हात कडकडीत वाळवायचा. याला पाजणी म्हणतात. ओल्या ताण्यावर पावसाची सर आली की कांजी धुऊन जाते, सूत एकमेकांना चिकटतं आणि सगळ्याचा मिळून एक गोळा होतो, जो पुढे कशाच्याही उपयोगाचा राहत नाही. बोळ एक आणि घरं पुष्कळ, म्हणून पाजणीच्या पाळ्या लावलेल्या. पाळी हुकली की ती साऱ्या पेठेतून फिरून परत येईपर्यंत माग गप्प आणि घरही गप्प.

अशा ठिकाणी ज्याला पावसाचं आधी कळतं तो माणूस देवासारखा. वस्तादही देवासारखेच होते. म्हणजे कोपायचे.

त्यांना हे ज्ञान वेळापूरच्या जत्रेत झालं. फडात त्यांची कुस्ती अकलूजच्या मानसिंग नावाच्या पैलवानाशी लागली होती. मानसिंगनं पकडीत असताना अंगठा वस्तादांच्या डाव्या डोळ्यात घातला आणि तिथं काही हरवलं असावं तसा फिरवला. वस्तादांनी त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. पंचांनी दोघांकडे नीट बघितलं आणि कुस्ती बरोबरीत सोडवली. डोळा वांग्यासारखा सुजला, तो उघडायला मृग उलटून गेला. उघडला त्या संध्याकाळी वस्तादांनी वर पाहिलं, तर चंद्राभोवती सोनाराच्या दुकानातल्यासारखं रंगीत कडं. खळं पडलं की पाऊस येतो हे त्यांनी लहानपणी ऐकलं होतं. ते बोळात उभं राहून ओरडले, "उद्या पाऊस." दुसऱ्या दिवशी तालमीत गुडघाभर पाणी. आषाढ चालू होता हे कुणी ध्यानात घेतलं नाही.

तेव्हापासून वस्ताद उजवा डोळा घट्ट मिटून, निशाण धरल्यासारखा डाव्या डोळ्यानं चंद्र बघत. उजव्यानंही त्यांनी एकदोनदा बघितलं होतं. त्या डोळ्याला खळं कधीच दिसलं नाही. तो डोळा अडाणी आहे, असं समजून त्यांनी त्याला पुढे विचारलंच नाही.

त्यांचं शास्त्र चंद्राबरोबर वाढायचं. बीजेला कोर बघायची: उताणी असेल तर महिना कोरडा, कलंडली असेल तर तिच्यातलं पाणी सांडणार. अष्टमीला चंद्राचा रंग. दशमीपासून पुनवेपर्यंत खळं. वद्य पक्ष लागला की चंद्र उगवायच्या आत वस्तादांना झोप लागायची, त्यामुळे महिन्यातला निम्मा काळ सोलापुरात हवामान बंद असायचं.

शुद्ध पक्षात मात्र दिवेलागणीला ते कट्ट्यावर उभे राहत, वर बोट करत आणि एकेकाला विचारत, "खळं दिसतंय न्हवं?"

पहिल्यांदा ज्यानं "न्हाय" म्हटलं तो गुंडा. तो त्यांचाच पठ्ठा, चाळिशी ओलांडूनही पठ्ठाच राहिलेला. वस्तादांना वाटलं, हा गुरूची चेष्टा करतोय. त्यांनी त्याचे पुढचे दोन दात पाडले. दुसऱ्या दिवशी गुंडाला खळं स्पष्ट दिसलं. दुसरा होता पेठेतल्या शाळेचा वेणीमाधव मास्तर. शिकलेला माणूस, त्यानं हवेतल्या बाष्पाविषयी काही सांगायला सुरुवात केली आणि शेवटी "तसं प्रत्यक्ष काही दिसत नाही" असं म्हणाला. वस्तादांनी त्याला पंच्याच्या टोकाला धरून उचललं, तालमीच्या हौदात टाकलं आणि वरून खांद्याभर माती लोटली. बाहेर आल्यावर मास्तरांना खळं तर दिसलंच, वर त्याच बाष्पाच्या आधारानं ते दिसणं कसं अपरिहार्य आहे हेही ते लोकांना समजावून सांगू लागले.

एक गोष्ट वस्तादांच्या बाजूनं सांगायला हवी. ते खोटं बोलणाऱ्याला मारत नव्हते. ढळढळीत समोर दिसणाऱ्या गोष्टीला न्हाय म्हणणाऱ्या मस्तवालाला मारत होते. सगळ्या जगाला खळं दिसतं याविषयी त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती, आणि मारल्यावर प्रत्येक जण तसं कबूलही करत होता.

पावसाळ्यात सगळं ठीक चाललं. पावसाळा संपला तरी खळं संपेना. कार्तिकात खळं, पौषात खळं, फाल्गुनात होळीवर खळं. खळं म्हणजे उद्या पाऊस, आणि उद्या पाऊस म्हणजे पाजणी बंद. आभाळ काचेसारखं स्वच्छ असायचं आणि खाली मागवाले रिकाम्या बोळाकडे बघत बसायचे. पाऊस नाही आला तर वस्ताद म्हणायचे, "बार्शीला पडला आसंल." बार्शीहून कुणी आला आणि तिकडेही ऊन होतं असं म्हणाला, तर तो परत बार्शीला जाताना लंगडत जायचा.

असं करत चैत्र आला आणि रत्नम्माची पाळी आली.

रत्नम्मा ही नरसय्या मागवाल्याची बायको. उंच, रुंद हाडाची, मोठा कुंचा एका हातानं चालवणारी. तिच्या पोरीचं लग्न वैशाखात धरलं होतं आणि नवरीचं पातळ घरच्याच मागावर विणायचं, दुसऱ्या मागाचं सूत तिच्या अंगाला लागू द्यायचं नाही, अशी त्या घराची रीत होती. त्या पातळाचा ताणा उद्या बोळात पडला तरच लग्नाआधी पातळ मागावरून उतरणार होतं. उद्याची पाळी गेली तर पुढची लग्नानंतरची. हे साऱ्या पेठेला माहीत होतं. वस्तादांनाही माहीत होतं. म्हणूनच त्या संध्याकाळी त्यांनी नेहमीपेक्षा जास्त काळजीनं उजवा डोळा मिटला.

चंद्राभोवती हे एवढं खळं होतं. हिरवं, तांबडं, मधे पिवळं.

"रत्नम्मा," ते हळहळून म्हणाले, "तुझं नशीबच खोटं बघ. उद्या दुपारच्या आत धो धो. ताणा टाकू नगं. दिसतंय न्हवं खळं?"

"न्हाय," रत्नम्मा म्हणाली.

कुणाच्या तरी घरात पाटीखाली झाकलेली कोंबडी कुरकुरली ती सगळ्या बोळाला ऐकू आली.

"काय म्हणालीस?"

"मला दिसत न्हाय, वस्ताद. नुसता चंद्र दिसतोय. उद्या ताणा टाकणार मी."

वस्तादांचा हात उठला आणि हवेतच थांबला. बाईमाणसावर हात टाकायचा नाही अशी त्यांनी मारुतीपुढे आण घेतली होती आणि ती आजवर मोडली नव्हती. पण उठलेला हात तसाच खाली आणणंही त्यांना जमेना. रत्नम्माच्या शेजारी ओट्यावर नरसय्या उभा होता. वस्तादांनी तो हात त्याच्या जबड्यावर आणला. नरसय्या ओट्यावरून उडाला, बुडाखाली कुणाची तरी घागर फुटली आणि तो तिच्या पाण्यात बसला.

"मी दिसतंय म्हणालो की, वस्ताद," तो तोंडातलं रक्त थुंकत म्हणाला. "मी पयल्यांदा म्हणालो."

"मग तिला समजावून सांग," वस्ताद म्हणाले आणि जेवायला गेले.

सकाळी ऊन कोवळं असताना ते कट्ट्यावर आले, तर बोळभर ताणा. बांबूच्या कैच्या ओळीनं उभ्या, त्यांच्यावर पिवळं सूत ताठ, आणि रत्नम्मा कमरेला पदर खोचून कुंचा मारत चाललेली. जबड्याला फडकं बांधलेला नरसय्या कांजीचं पातेलं धरून तिच्या मागून.

खरं सांगायचं तर वस्तादांना राग आला नव्हता. त्यांना वाईट वाटलं. एवढ्या कष्टाचा ताणा, नवरीचं पातळ, आणि दुपारच्या आत त्याचा चिखल होणार. बाई अडाणी आहे, तिला आपणच वाचवलं पाहिजे, असं त्यांच्या मनानं घेतलं. गुंडा आणि तालमीतले बाकीचे पठ्ठे अंगाला तेल लावून बसले होते, त्यांना त्यांनी नुसती मान हलवून बोलावलं आणि पहिली कैची जमिनीतून उपटायला हात घातला.

"वस्ताद, ताण्याला हात लावू नका."

"तुझ्याच भल्याचं करतोय, रत्नम्मा. पाऊस येनार हाय."

"येऊ द्या की. भिजला तर माझा भिजंल."

वस्तादांनी कैची हलवली. रत्नम्मानं कांजीत बुडवलेला कुंचा त्यांच्या तोंडावर आडवा मारला.

फटक्याचा आवाज ओल्या धुण्यासारखा झाला. वस्तादांच्या आयुष्यात त्यांना पुष्कळांनी मारलं होतं, पण खायच्या पिठानं कुणी मारलं नव्हतं. कांजी डाव्या डोळ्यात गेली, नाकात गेली, मिशांतून टपकू लागली. गुरूची ही अवस्था बघून गुंडा पुढे धावला. त्याच वेळी नरसय्यानं, ज्यानं जन्मात मुंगीवर पाय दिला नव्हता, पातेलं खाली ठेवलं, एक मोकळा बांबू उचलला आणि दोन्ही हातांनी गुंडाच्या डोक्यात घातला. बांबू उभा चिरला. गुंडा म्हणाला, "आरं, मी काय केलं?" आणि बसला.

मग बोळाची सगळी दारं एकदम उघडली.

कुणाची कार्तिकातली पाळी गेली होती, कुणाची पौषातली. कुणाचा दात गेला होता, कुणाचं मनगट अजून वाकडं होतं. दाराआड वर्षभर तुंबलेलं सगळं बांबू, पाट्या, वरवंटे आणि एका घरातून तर जात्याचा खुंटा घेऊन बाहेर आलं. तिकडून तालीम आली, उघडी, तेलकट, हातात न सापडणारी. मागवाल्यांना कुस्ती येत नव्हती आणि पैलवानांना बांबू अडवता येत नव्हते, त्यामुळे सामना बरोबरीचा झाला. एका पठ्ठ्यानं एकाला डोक्यावरून फेकला, तो तिसऱ्याच घराच्या चुलीजवळ जाऊन पडला आणि तिथून पेटलेलं लाकूड घेऊन परत आला. एकाचा कान अर्धा लोंबत होता आणि तो तसाच, मान वाकडी करून, दुसऱ्याच्या छातीवर बसून त्याला बुक्क्या घालत होता. कुणाच्या तरी कोपराचं हाड मोडलं त्याचा आवाज ओलं सरपण मोडावं तसा आला. भिंतीवर रक्त उडालं. खाली सांडलेल्या कांजीचा रंग गुलाबी झाला.

वेणीमाधव मास्तर ओट्यावर चढून "सभ्य गृहस्थहो" एवढंच म्हणाले. त्यांना दोन्ही बाजूंनी मारलं. मास्तर खाली आले ते एका पिंढरीला दातांनी धरूनच. ती कुणाच्या बाजूची होती हे त्यांनी बघितलं नव्हतं, आणि ज्याची होती त्यानं सांगेपर्यंत ती त्यांनी सोडलीही नाही.

आणि एवढ्या धुमश्चक्रीत, ज्यानं ती बघितली नाही त्याला हे खरं वाटणार नाही, पण ताण्याला कुणाचा धक्का लागला नव्हता. अंथरलेला ताणा ओलांडायचा नाही, त्याला पाय लावायचा नाही, पलीकडे जायचं तर वाकून खालून जायचं, हे त्या पेठेत चालायला लागायच्या आधी शिकवलं जायचं. तालमीची पोरंही त्याच बोळात वाढलेली. एखादा मागवाला मार खात मागे सरकायचा, ताण्यापाशी आला की खाली वाकायचा आणि पलीकडे निघायचा. मारणारा पैलवान थांबायचा, तोही वाकायचा, पलीकडे उभा राहायचा आणि मग पुन्हा मारायला लागायचा. एकदा तर दोघे एकमेकांच्या गळ्यात पंजे रुतवून, तशाच मिठीत, गुडघ्यांवर रांगत ताण्याखालून गेले.

वस्तादांना मात्र डाव्या डोळ्यानं दिसत नव्हतं, आणि उजव्या डोळ्यावर विश्वास ठेवायची त्यांना सवय नव्हती. ते समोर येईल त्याला मारत होते. त्यात गुंडा दोनदा आला. तिसऱ्यांदा ते अंगात होतं नव्हतं ते बळ एकवटून कुणाच्या तरी अंगावर झेपावले. तिथं कुणी नव्हतं. तिथं ताणा होता.

काडकाड करत तीन कैच्या मोडल्या आणि वस्ताद नवरीच्या पातळावर आडवे झाले.

सूत तुटल्याचा तसा मोठा आवाज नसतो. पण तो सगळ्यांनी ऐकला. वर गेलेले बांबू वरच राहिले. लोंबत्या कानाचा माणूस दुसऱ्याच्या छातीवरून उतरला आणि त्याला हात देऊन उठवू लागला. वस्ताद हळूहळू उठले. अंगाला पिवळे तंतू चिकटले होते, ते ओढावेत की तसेच ठेवावेत हे त्यांना कळेना. रत्नम्मानं त्यांच्याकडे बघितलंही नाही. तिच्या कोपराची सालडी निघाली होती. ती खाली बसली आणि तुटलेली टोकं शोधून एकाला एक गाठ मारू लागली.

मग एकेक करत बायका येऊन तिच्या शेजारी बसल्या. थोड्या वेळानं फडकी गुंडाळलेले पुरुष आले, त्यांनी कैच्या उभ्या केल्या.

वस्ताद तालमीच्या कट्ट्यावर मोडक्या बाजेच्या चौकटीवर जाऊन बसले आणि पावसाची वाट बघू लागले. आता पाऊस यायलाच पाहिजे होता. आला असता तर सगळं भिजलं असतं, त्या बाईचं लग्नघर रडलं असतं, आणि वस्ताद खरे ठरले असते. ऊन चढलं. दुपार झाली. आभाळात ढगाचा बोटभर तुकडा नव्हता. बोळातली माणसं मोडक्या हातांनी गाठी मारत होती, आणि मधून मधून एखादा सुजलेल्या डोळ्यांची फट वर करून आभाळाकडे बघायचा, मग कट्ट्याकडे, आणि पुन्हा सुताकडे. दिवस कलायच्या सुमारास जोडलेल्या भागाला नव्यानं कांजी पाजायला घेतली, तेव्हा वस्ताद उठून घरात गेले.

बजाबाईनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, कंदील लावला, कोमट पाणी घेतलं आणि त्यांच्या डोळ्यातली वाळलेली कांजी सोडवू लागली. डावा डोळा उघडला. वस्तादांनी कंदिलाकडे बघितलं. त्याच्याभोवती कडं होतं. हिरवं, तांबडं, मधे पिवळं.

"काय बघताय?"

"ह्या कंदिलाला रोजच खळं पडतंय," वस्ताद उदास होऊन म्हणाले. "म्हणून घरात काय पाऊस पडत न्हाय."

"कंदिलाला कुटलं खळं?"

"हे काय."

"ज्योत हाय. काच हाय. जरा काजळी हाय, ती उद्या पुसते."

वस्तादांनी डावा डोळा मिटला आणि उजव्यानं बघितलं. ज्योत, काच, काजळी. डाव्यानं बघितलं: कडं. उजव्यानं: काजळी. हे त्यांनी इतक्या वेळा केलं की बजाबाईनं त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

"आन् चंद्राला?" त्यांनी विचारलं. "चंद्राला दिसतं न्हवं तुला?"

"आजचं मी बघितलं न्हाय. काल नव्हतं. पौषात नव्हतं. होळीला बी नव्हतं."

"मग तू का न्हाय सांगितलंस?"

"मला कवा इचारलंत? तुमी बोळाला इचारत होता."

"बोळाला तर दिसत होतं. समद्यांना दिसत होतं."

"तुमच्या हाताकडं बघून दिसत होतं त्यांना," बजाबाई म्हणाली आणि कांजीचं पाणी मोरीत टाकायला गेली.

वस्तादांनी स्वतःचे हात पुढे धरले. सोललेले सांधे, नखांत रक्त, मनगटाला अजून पिवळं सूत. त्यांना मानसिंगचा अंगठा आठवला. मग गुंडाचे दात, मास्तरांच्या कानातली माती, बार्शीचा तो लंगडत गेलेला माणूस. ते असे उठले की बाजूचा तांब्या कलंडला, आणि सरळ बोळात आले.

चंद्र कौलांच्या वर आला होता. ओट्यांवर माणसं हळद लावत, शेकत, कण्हत बसली होती. त्यांना बघताच सगळी भिंतीला टेकली.

"खरं सांगा," वस्ताद म्हणाले. "आज खळं हाय का न्हाय?"

"हाय, वस्ताद," सगळे म्हणाले.

"खरं सांगा म्हणतोय मी. खोटं बोलंल त्याचं मनगाट मोडीन."

"न्हाय, वस्ताद," सगळे म्हणाले.

"आरं, मग काय खरं?"

"त्याचं असं आहे," वेणीमाधव मास्तर एका बाजूनं सुजलेल्या ओठांतून म्हणाले, "दोन्ही प्रकारे विचार करता येईल."

"गुंडा, तू सांग."

"तुमी म्हणाल त्ये," गुंडा म्हणाला. त्याचा आवाज दातांविना नुसता वाऱ्यासारखा आला.

वस्तादांनी कपाळावरचा घाम पुसायला हात उचलला. सगळा बोळ एकदम खाली वाकला, जणू मधे ताणा अंथरलेला होता. तेव्हा वस्तादांच्या ध्यानात एक गोष्ट आली. एवढं विचारलं, एवढ्या जणांनी उत्तरं दिली, पण एकानंही वर बघितलं नव्हतं. सगळ्यांचे डोळे त्यांच्या हातावर होते. त्यांनी हात हळूच खाली आणला आणि कुणाला दिसू नये म्हणून पाठीमागे धरला.

बोळाच्या पार दुसऱ्या टोकाला रत्नम्मा शेवटच्या गाठी तपासत होती. दुसऱ्यांदा पाजलेला ताणा उशिराच्या उन्हात जेमतेम वाळला होता. नरसय्या आत कण्हत पडला होता आणि मदतीच्या बायका आपापल्या घरची माणसं शेकायला गेल्या होत्या. वस्ताद ताण्याच्या कडेकडेनं, भिंतीला अंग घासत तिच्यापर्यंत गेले.

"रत्नम्मा. खळं हाय का?"

ती त्यांच्या हाताकडे बघत नव्हती. तिनं वर बघितलं. चांगला वेळ लावून, मान मागे टाकून बघितलं.

"हाय," ती म्हणाली.

वस्तादांनी पाठीमागचा हात आणखी मागे नेला. "मला भिऊन बोलू नगंस, बाई."

"तुमाला कोण भितंय?"

"काल न्हाय म्हणालीस."

"काल नव्हतं. आज हाय. हे काय."

वस्तादांनी डावा डोळा मिटला. कितीतरी महिन्यांनी उजव्या, त्या अडाणी डोळ्याला त्यांनी चंद्रापुढे एकटा उभा केला. आभाळावर पातळ साय धरली होती. तिच्यात, चंद्रापासून बरंच लांब, राखेच्या रेघेसारखं एक मोठं कडं पडलं होतं. हिरवं नव्हतं, तांबडं नव्हतं. पण होतं. दोन्ही डोळे उघडले तरी होतं. दक्षिणेकडून, अक्कलकोटच्या अंगानं, ओल्या मातीचा वास घेऊन वारा आला आणि ताण्याच्या मोकळ्या दोऱ्या हलल्या.

चंद्राबद्दल, खऱ्याबद्दल, सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं एक भलं मोठं वाक्य वस्तादांच्या गळ्यापर्यंत आलं. त्यांनी श्वास ओढला, पाठीमागचा उजवा हात पुढे काढला आणि आभाळाकडे उचलला.

"वस्ताद," रत्नम्मा म्हणाली, "जरा हे टोक धरा, आत न्यायचंय. आन् हात आधी पुसून घ्या."